माळ्यावरची मिरुंगी

१

माळ्यावरून पोतं धपकन खाली पडलं आणि आयकांडेच्या हातातली नाचणीच्या पिठाची पिशवीही त्याच्याबरोबर सुटली.

मी तिथे हौसेने उभा नव्हतो. आमच्याकडे कुणाच्या घराची झडती घ्यायची तर पोलीस त्या दहा घरांच्या मुखियाला साक्षीला उभं करतात, आणि आमच्या दहा घरांचा मुखिया मी. मुखिया म्हणजे फुकटचा नोकर. भांडणं सोडवायची, मयताला माणसं जमवायची आणि वर शिव्या खायच्या.

आयकांडे माझी शेजारीण. विधवा, तिशीतली. केळी आणि नाचणीची दारू, म्बेगे, अशी करते की डोंगराच्या पायथ्यापासून लोक भोपळ्याचे तुंबे घेऊन तिच्या दारात येतात. नवरा घरातला धाकटा, म्हणून आमच्या रिवाजाप्रमाणे बापाचं घर आणि केळीची बाग त्याला मिळाली, आणि तो गेल्यावर हिला. त्या घरावर तिने निळे पत्रे घातले. सकाळच्या उन्हात ते चमकले की माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू?

कुणीतरी पोलिसांना फोन केला होता. इन्स्पेक्टर मागेसा दोन शिपाई घेऊन आला, तेव्हा पहाटेच बाजाराला गेलेली आयकांडे नुकतीच परतली होती. शिपाई शिडी शोधत होता आणि मी भट्टीघरात उभा राहून तिच्या पिंपाकडे बघत होतो. दुसऱ्या दिवशीच्या लग्नाची म्बेगे होती ती. पिंपावर केळीचं हिरवं पान झाकलेलं होतं, चुलीच्या बाजूला चार बोटं फट ठेवून. पानावर काजळीचा थर पडला होता. मी हळूच कड उचलून पाहिलं. आत फेस पांढराशुभ्र. बोट बुडवणार तेवढ्यात मागेसा खाकरला. हा माणूस सरोवराकडचा, आमच्या म्बेगेला तोंड लावत नाही, त्याला काय कळणार?

मग शिपाई माळ्यावर चढला, पिकत घातलेले घड त्याने बाजूला केले आणि पोतं सापडलं. आत केळीच्या पानांत गुंडाळलेल्या मिरुंगीच्या जुड्या, नशेसाठी चघळतात तो पाला. कोवळ्या, लालसर देठांच्या, पाणी निथळत होतं अजून.

"साहेब, हे माझं नाही," आयकांडे म्हणाली.

"घर कुणाचं?"

"माझं."

"माळा?"

"माझाच."

"मग पोतं तेवढं दुसऱ्याचं?"

त्याने भट्टीघराला कुलूप ठोकलं आणि तिला जीपमध्ये बसवलं. अंगणात तोवर माणसं जमली होती. तिची जाऊ मांका कमरेवर हात ठेवून उभी होती, भाड्याची मोटरसायकल चालवणारा लेमा गाडीवर बसूनच बघत होता. इतक्यात वाटेवरून न्देशीकाकू धावत आली. आयकांडेला म्बेगे शिकवली ती हिनेच. जीप हलताना तिने टपावर हात आपटले. "माझी पोर! अहो साहेब, एक दिवस कोंडा आणि सोडा तिला!"

मागेसाने काच खाली केली. "एक दिवस? आई, ही भरलेलं पोतं घेऊन बसली होती. तीस वर्षं जाईल."

न्देशीकाकू मातीत बसली ती उठेचना.

२

उठली तेव्हा तिने माझा हात धरला आणि मला फरफटत एलियाइची नावाच्या आजीकडे नेलं. आजी कित्येक वर्षं कोर्टात पंच म्हणून मॅजिस्ट्रेटच्या शेजारी बसायची. आता गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

"आजी, तू कायदा जाणतेस. वाचव तिला," न्देशीकाकू हुंदके देत म्हणाली. "तीस वर्षं खरं आहे का गं?"

"खरं आहे. चघळायला चार काड्या सापडल्या तर दंड भरून किंवा थोडं आत बसून माणूस सुटतं. पोतं म्हणजे धंदा. धंद्याला तीस."

"पण तावेटाला तर भाजीसारखी विकतात!"

"तावेटा सीमेपलीकडे. तिकडे पाला, इकडे गुन्हा. कायद्याला डोंगर एकच आहे हे कुठे माहीत? जा, तू घरी जा, तोंड धू. रडून माझी चूल विझवशील."

ती गेल्यावर आजीने मला समोर बसवलं आणि झडती पहिल्यापासून सांगायला लावली. फेसापर्यंत आलो तशी ती हसली. "म्हणजे पोलीस चोर शोधत होते आणि तू घोट."

"आजी, तू पण ना!"

"जुड्या ओल्या होत्या म्हणालास?"

"निथळत होत्या."

"आणि खाली चूल?"

"धुमसत होती. केळी पिकवायला ठेवतेच ती."

आजी मान हलवत म्हणाली, "माळ्यावरच्या धुरात पाला किती टिकतो ते बघायला हवं. मिरुंगी ठेवून बघितली असती, पण मग तू मलाच धरून द्यायला साक्षीला येशील. परसातली भाजी खुड आणि टाक वर."

मी भाजीची जुडी भिजवून, केळीच्या पानात गुंडाळून तिच्या माळ्यावर ठेवली. भात खाऊन होईपर्यंत जुडीची मान पडली होती. पान कडेने पिवळं.

"पोतं सकाळीच ठेवलंय," आजी म्हणाली. "पहाटेपासून आयकांडे बाजारात. अख्ख्या बाजाराने तिला घासाघीस करताना पाहिलंय."

"मग सुटली की!"

"कशी सुटेल? मागेसा म्हणेल, हिने दुसऱ्याकडून ठेवून घेतलं. त्याला नाव हवंय, मुखिया. आणि भट्टीघराला कडी आहे, कुलूप नाही. जो कोणी गेला तो वाट माहीत असलेलाच गेला. बोलव एकेकाला."

३

पहिला लेमा आला. सीमेपर्यंत रोज फेऱ्या मारणारा, त्यामुळे गावाने त्याच्यावर आधीच शिक्का मारला होता. शिवाय आयकांडेला त्याने लग्नाचं विचारलं होतं आणि ती हसली होती. नुसती नाही म्हणाली असती तर चाललं असतं. हसली, ते त्याला लागलं.

"तिच्याकडे सकाळी गेला होतास?" आजीने विचारलं.

"केळी टाकायला. उजाडता उजाडता. ती नव्हती."

"आत गेलास?"

लेमा गाडीच्या किल्लीशी चाळा करू लागला.

"लेमा, पोत्याला तीस वर्षं आहेत. तू लपवशील ते तुझ्याच गळ्यात येईल."

"गेलो," तो चडफडत म्हणाला. "तुंबाभर म्बेगे मारली. बास? ती मला हसते, मी तिची म्बेगे फुकट पितो. फिटंफाट!"

"पिंपाचं झाकण काढून?"

"झाकण कुठलं? उघडंच होतं. बाजारातून नाचणी आणून ओतायची होती ना तिला. मी बुडवला तुंबा, प्यायलो, पळालो."

"आणि तिला अटक झाली तेव्हा गाडीवर बसून मजा बघत होतास?"

"बघत होतो," लेमा म्हणाला. "आजी, सगळ्यांना देते ती हसून. मोटारवाल्याला, मास्तरला. मी विचारलं तर माझ्यावरच हसली. पण तीस वर्षं... नाही गं. बाहेर राहू दे तिला. हसू दे."

मांकाला बोलवावंच लागलं नाही. ती आपणहून आली, तीही भांडायच्या तयारीने.

"माझ्यावर संशय ना? घ्या! माझा नवरा मधला. थोरल्याला जमीन, धाकट्याला घर, आणि मधल्याला काय? आशीर्वाद! आम्ही तिच्या बागेच्या कोपऱ्यात भाड्याने राहतो आणि ती दर रविवारी मला तुंबाभर म्बेगे पाठवते. भिकारणीला पाठवतात तशी."

"पितेस?"

"ओतते. केळीच्या बुंध्यात."

"आज सकाळी आत गेली होतीस?"

"निखारे आणायला. दिवस वर आला होता."

"पिंप कसं होतं?"

"पानाने झाकलेलं. आणि पानावर काजळी पडलेली. मनात म्हटलं, पान नसतं तर बरं झालं असतं, उद्याच्या लग्नात पाहुण्यांनी काळी म्बेगे प्यायली असती. मी काढूनही टाकणार होते, पण हातात निखारे होते."

आजीने विचारलं, "ती तीस वर्षं आत गेली तर घर कुणाचं होईल?"

मांकाच्या तोंडावर आधी हिशेब आला, मग लाज. दोन्ही मी पाहिलं. "आमचंच होईल," ती म्हणाली. "पण मी ठेवलं नाही. मला तिचं घर हवंय, आजी. ती मेलेली किंवा कोंडलेली नकोय. ती नसेल तर मी कुणावर जळू?"

ती गेल्यावर मी मांडीवर थाप मारली. "हीच! घर हिलाच मिळणार. आणि कबूल करते वर!"

आजी उठली, भिंतीला धरत दारापर्यंत गेली. "तू झडतीला होतास आणि तुझ्याच डोळ्यांपुढे ते पान होतं," ती म्हणाली. "लेमा आला तेव्हा नव्हतं. मांका आली तेव्हा होतं. आयकांडे तर बाजारात. मग झाकलं कुणी?"

४



"माळ्यावर चढलं की काजळी झडते," आजी म्हणाली. "खाली पिंप उघडं. पोतं ठेवायला आलेला माणूस आधी बागेत जाऊन पान कापतो, पिंप झाकतो, मग वर चढतो. कुणी बघेल म्हणून जीव मुठीत असताना! असं कोण करेल?"

"लेमा नाही करणार," मी म्हटलं. "मांका तर..."

"मांका काजळी वरून चमच्याने घालेल. मुखिया, ज्याला आयकांडेला बुडवायचं होतं, पण तिची म्बेगे नासलेली बघवली नसती, असा माणूस शोध. आणि फट चुलीच्या बाजूला ठेवली होती म्हणालास. का?"

"म्बेगेला ऊब लागावी, श्वास मिळावा म्हणून असेल."

"तुझ्या बायकोला माहीत आहे हे?"

"तिला चहासुद्धा धड..." मी जीभ चावली. आमच्या भागात म्बेगेला हात लागलेल्या बायका दोनच. एक जीपमध्ये बसून गेली होती.  "नाही, आजी. तिनेच तर तुझ्याकडे आणलं मला. ती खरी रडत होती."

"खरीच रडत होती. तिला बोलव. आणि पानाचं एक अक्षर बोलू नकोस."

न्देशीकाकू आली तेव्हा डोळे सुजलेले होते. आजीने तिला बसवलं, पाणी दिलं.

"काही कळलं का गं?" न्देशीकाकूने विचारलं.

"थोडं. बाकी लग्न पार पडेल बघ. मागेसाने कुलूप काढून पिंप वरपक्षाला न्यायला सांगितलंय. सगळे म्हणतायत, झडतीत एवढी काजळी उडाली तरी थेंब नासला नाही. आयकांडेने जाताना काय सुरेख झाकलं होतं! हात आहे पोरीचा. शिकवणारणीच्या पुढे गेली."

न्देशीकाकूचा पाण्याचा पेला तोंडापाशीच थांबला.

"मी तर म्हणते," आजी पुढे बोलतच राहिली, "असं झाकणं या डोंगरावर कुणाला जमायचं नाही."

"तिला?" न्देशीकाकू फणकारली. "तिला झाकता कुठे येतं! ताट उपडं घालते पिंपावर, घुसमटून मारते म्बेगेला. किती वर्षं सांगतेय, पान घाल, फट चुलीकडे ठेव. ऐकेल तर शपथ! तिचं नाव कशाला घेता? ते पान..."

ती थांबली. मी जमिनीकडे बघत राहिलो. मला तिच्याकडे बघवेना.

"कुलूप लागल्यावर तू अंगणात आलीस, न्देशी," आजी हळू आवाजात म्हणाली. "आतलं पान तू पाहिलंस कधी?"

५

तिने नाकारलं नाही. पेला खाली ठेवला आणि पदराने तोंड पुसलं.

"एक मिरुंगीवाला गस्तीला घाबरून माझ्या म्बेगेच्या दुकानातल्या बाकाखाली पोतं टाकून पळाला," ती म्हणाली. "ते मी तिच्या माळ्यावर ठेवलं आणि पोलिसांना फोनही मीच केला. मला वाटलं, एक दिवस कोंडतील, दंड लावतील. लग्नाला म्बेगे कुणाची? न्देशीची. एकदा तरी पुन्हा न्देशीची."

"एका लग्नासाठी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुला काय कळणार?" ती माझ्यावर उसळली. "मी शिकवलं तिला! केळं किती मऊ हवं, वर घालायची झाडाची साल किती कडू हवी, सगळं माझ्या हाताने. आता लोक माझ्याकडे येतात आणि घोट घेऊन म्हणतात, चांगली आहे काकू, अगदी आयकांडेसारखी. माझी म्बेगे, आयकांडेसारखी! पूर्वजांना म्बेगेची पहिली धार द्यायला गेल्या वेळी कुळाने तिला बोलावलं. मी मागे उभी होते. ती वळून मला म्हणाली, काकू, तुम्ही द्या. सगळ्यांसमोर! दान दिल्यासारखं!"

"मग म्बेगेच का नाही नासवलीस?" आजीने विचारलं. "मूठभर राख पुरली असती."

न्देशीकाकूने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही आजीने लहान मूल मारायला सांगितलं. "मी चाखली होती ती," ती म्हणाली. "वर चढायच्या आधी. एवढी चांगली मला आयुष्यात जमली नाही."

 मग आजीने मला अंगणाच्या कुंपणातलं इसालेचं एक पान तोडून आणायला सांगितलं. बांधावरचं ते पान गाठ मारून कुणी दारात घेऊन आलं, तर त्याला माफी नाकारायची आमच्यात कुणाची छाती नाही. खुनालाही नाही.

"हे घे," आजी म्हणाली. "आधी आयकांडेकडे कोठडीत जा. मग मागेसाकडे. तिने माफ केलंय म्हटल्यावर कोर्ट मऊ होतं, मी पुष्कळदा पाहिलंय. नाहीतर तीस वर्षं तुझ्यावर येतील. तू तेवढी जगणारही नाहीस."

न्देशीकाकूने पान हातात घेतलं. उलटसुलट करून पाहिलं. मग माझ्या मांडीवर टाकलं.

"पोतं माझं होतं हे मी आत्ता जाऊन सांगते," ती उभी राहत म्हणाली. "तिचे दिवस मला घ्यायचे नाहीत. पण माफी? तिची? मग सगळा डोंगर म्हणेल, बघा, हात मोठा आणि मनही मोठं. नाही. तुरुंगात मी माझी स्वतःची असेन. चल मुखिया, साक्षीला लागशील."

 पोलीस ठाण्याच्या पायरीवर ती थांबून म्हणाली, "पिंप खरंच नेलं का रे लग्नाला?"

मी नाही म्हणून मान हलवली. नेलं नव्हतं. कुलूप तसंच होतं.

६

आयकांडे त्याच संध्याकाळी घरी आली. दारात मांका उभी होती. मांकाने तिच्या हातातलं बोचकं घेतलं, आणि मग जरा जास्तच जोरात ते जमिनीवर आपटलं.

खटला उभा राहिला तेव्हा अर्धा डोंगर कोर्टात होता. मीही साक्ष दिली, पानाबद्दल, काजळीबद्दल, फटीबद्दल. बोट बुडवणार होतो ते वगळलं. मिरुंगीवाला सापडला, पोतं आपण टाकल्याचं त्याने कबूल केलं, त्यामुळे न्देशीकाकूवर धंद्याचं कलम लागलं नाही. तीस वर्षांचं सावट टळलं. तरी माल जवळ बाळगला होता आणि दुसऱ्याच्या घरात घातला होता. सरकारी वकिलाने पाच वर्षं मागितली.

मॅजिस्ट्रेट लिहीत होत्या, तेवढ्यात मागच्या बाकावरून आयकांडे उठली.

"बाई, मला बोलायचंय," ती म्हणाली. "यांनी माझ्याकडे माफी मागितली नाही. तरी मी केलीय. मला जे काही येतं ते यांनी दिलं. यांना कमी द्या."

"खाली बस!" न्देशीकाकू पिंजऱ्यातून ओरडली. "कुणी विचारलं तुला? बाई, लिहू नका ते! मला पुरी द्या! पाचच्या पाच द्या!"

शिपायाने तिला दटावलं. माझ्या बाजूला बसलेली आजी पुटपुटली, "गप्प बस गं, गप्प बस." माणसं रडून शिक्षा कमी करून घेताना तिने शेकड्याने पाहिली असतील. वाढवून मागणारी तिलाही नवी होती.

मॅजिस्ट्रेटनी चष्मा पुसला आणि निकाल वाचला. ज्या बाईवर अन्याय झाला तिनेच दया मागितली आहे, हे ध्यानात घेऊन पाचऐवजी दोन वर्षं.

कोर्टात सुटकेचा श्वास ऐकू आला. बायका आयकांडेच्या पाठीवर हात फिरवू लागल्या. किती मोठं मन, किती मोठं मन, असं माझ्या पुढच्या, मागच्या, दोन्ही बाकांवर चाललं होतं. लेमा तर डोळे पुसत होता.

मी न्देशीकाकूकडे बघितलं. अटकेच्या दिवशी रडली होती त्याहून ती जास्त रडत होती. आयकांडे पुढे झाली, पिंजऱ्याच्या गजांवर हात ठेवून म्हणाली, "काकू, दोनच वर्षं. बघता बघता जातील."

"ती माझी आहेत, ती जातील," न्देशीकाकू म्हणाली. "पुढची तीन बाहेरची, ती तू दिलीस. ती मी कशी काढू?"